पहिल्या दिवसाचा शब्द

अंजनीबाईंच्या नवऱ्याची वाचा गेली, आणि जी चिमूटभर उरली ती नेमकी इंग्रजीत उरली. बाईंना इंग्रजीचं ओ की ठो कळत नव्हतं. थट्टाच करायची होती तर दुसरं घर नव्हतं का, असं त्या रोज देवघरासमोर उभं राहून देवाला विचारत, आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा नवऱ्याच्या खाटेकडे धावत.

नवरा म्हणजे बापूसाहेब, जबलपूरच्या गढ्यातले इंग्रजीचे मास्तर. शाळेतून निवृत्त झाल्यावरही चौकातल्या कापडाच्या दुकानावर एक खोली घेऊन त्यांनी वर्ग चालवला होता. राज्यं नव्यानं मांडली गेली, नागपूर तिकडे गेलं, जबलपूर इकडे राहिलं, ओळखीची निम्मी मराठी घरं बदल्या घेऊन निघून गेली. बापूसाहेब हलले नाहीत. इंग्रजी कुठल्याही राज्यात लागतेच, म्हणाले. अडुसष्ट सालच्या थंडीपर्यंत ते खरंही होतं. त्या थंडीत ‘इंग्रजी हटाव’ म्हणत कॉलेजच्या पोरांनी इंग्रजी पाट्यांना डांबर फासायचा सपाटा लावला, आणि एका दुपारी बापूसाहेबांच्या वर्गाची पाटीही काळी झाली. ती बघून ते घरी आले, मुकाट्यानं जेवले, आणि दुसऱ्या दिवशी दाढी करता करता कोसळले.

डॉक्टर म्हणाले, पाटीचा काही संबंध नाही, रक्तदाब जुनाच होता. उजवं अंग लुळं पडलं. मराठी गेली, हिंदी गेली, पोटच्या मुलाचं नावही गेलं. कधी कधी असं होतं म्हणे, घरची भाषा जाते आणि मागाहून शिकलेली राहते. पण इंग्रजी तरी कुठे सगळी राहिली? एक शब्द राहिला. ब्राइटन.

डोळे उघडले की ब्राइटन. पेज भरवायला घेतली की ब्राइटन. शब्द म्हणायचे, डावा हात पुढे करायचे, तळवा वर, आणि बाईंच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायचे. घरात मुलगा होता, सून होती, पण बघायचे ते फक्त बाईंकडे. बाई धावपळ करून काहीतरी आणायच्या. ते नको असायचं. बापूसाहेब मान फिरवायचे, डाव्या मुठीनं खाटेची पाटी ठोकायचे, आणि थोड्या वेळानं पुन्हा तोच हात, तोच शब्द.

धावणार नाहीत तर काय करतील? साऱ्या संसारात या माणसाच्या तोंडून निघालेला शब्द म्हणजे काम, हे बाईंच्या हाडीमांसी खिळलं होतं. ‘पाणी’ म्हटलं की तांब्या. ‘ऊन’ म्हटलं की खुर्ची अंगणात. नुसतं ‘अगं’ म्हटलं तरी त्या आवाजावरून ओळखायच्या, चष्मा हवा की चहा. इतकी वर्षं त्यांचा अंदाज चुकला नव्हता. आणि आता शेवटाला माणूस काहीतरी मागतोय, जीव तोडून मागतोय, आणि आपल्याला ते देता येत नाही! बाईंचा पाय घरात ठरेना. ओट्यापासून खाटेपर्यंत आणि खाटेपासून ओट्यापर्यंत त्यांनी जमीन झिजवून टाकली.

सून शकु मॅट्रिक झालेली. पहिला अर्थ तिनं सांगितला.

“ब्राइट म्हणजे चमकदार, आई. काही चमकवून मागून राहिले असतील बाबा.”

झालं. बाईंनी घरातलं सगळं पितळ अंगणात काढलं. चिंच आणि राख लावून समई घासली, पळी घासली, तांब्या असा घासला की त्यात तोंड दिसावं. तो तांब्या त्यांनी बापूसाहेबांच्या तळव्यावर ठेवला. बापूसाहेबांनी तांब्याकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं, आणि हात सैल सोडला. तांब्या घरंगळत खाटेखाली गेला.

“उजेड हवा असेल,” शकु म्हणाली.

मग श्रीपादनं पंचविसाचा दिवा काढून शंभराचा लावला. श्रीपाद म्हणजे मुलगा, खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात स्टोअरमध्ये कामाला, बापासारखाच तापट आणि बापाइतकाच हळवा, फक्त दोन्ही लपवणारा. नव्या दिव्याखाली बापूसाहेबांनी डोळे गच्च मिटले. श्रीपादनं दिवा बंद केला, स्टुलावरून उतरला आणि उतरता उतरता बोलून गेला.

“आई, हे असं नाही चालणार. शनिवारी आमच्या कारखान्याची गाडी नागपूरला जाऊन राहिली. तिथं मोठं इस्पितळ आहे. अशा लोकांना ठेवून घेतात.”

“अशा म्हणजे कशा?”

“तुला समजते मी काय म्हणतो ते. बाबांच्या डोक्यावर परिणाम झाला. एकच शब्द बडबडत राहतात, जे दिलं ते फेकतात.”

“वेडे नाही झाले ते!” बाई कडाडल्या. “काहीतरी मागून राहिले. मला समजून नाही राहिलं, एवढंच.”

“अच्छा, मग शनिवारच्या आधी सांग काय मागतात ते. मी गाडीला नाही म्हणतो.”

श्रीपाद रागानं बोलला असेल, पण बाईंनी ते वचन म्हणून धरलं. शनिवार दोन दिवसांवर होता. परक्या गावातल्या इस्पितळात या माणसाचा हात असाच पुढे येईल, आणि तिथे कोण धावेल? येणारी-जाणारी परिचारिका त्या तळव्यावर गोळी ठेवेल आणि पुढे जाईल.

शेजारच्या भय्यासाहेबांकडे जाडजूड डिक्शनरी होती. हायकोर्टात टायपिस्ट म्हणून जन्म काढलेला माणूस, बापूसाहेबांचा बुद्धिबळातला जोडीदार. तो शब्द त्यांनी खाटेपाशी बसून स्वतःच्या कानांनी ऐकला होता. त्यांनी चष्मा लावला, पानं उलटली आणि वाचून दाखवलं.

“उजळ होणे. उजळ करणे. चेहरा खुलणे. हवा निवळणे.”

“इतके अर्थ? यातला आमचा कोणता?”

“ते काही इथं लिहिलेलं नाही, वहिनी.”

बाईंनी घरी येऊन तिसरा अर्थ करून पाहिला. पेटी उघडली, लग्नातली हिरवी जरीची साडी नेसल्या, कुंकू ठसठशीत लावलं, केसांत शकुनं माळलेली शेवंती, आणि या वयात, भरदुपारी, नवऱ्याच्या खाटेसमोर जाऊन उभ्या राहिल्या. चेहरा खुलवायचा म्हणून हसल्यासुद्धा. शकुनं दाराआड तोंडाला पदर लावला. बापूसाहेब मात्र हसले नाहीत. बराच वेळ बघत राहिले, डाव्या डोळ्यातून पाणी आलं, आणि बाईंना वाटलं, जिंकलं. तेवढ्यात तो हात पुढे आला. ब्राइटन.

बाई तशाच जरीच्या साडीत भय्यासाहेबांच्या दारात परत गेल्या. भय्यासाहेबांनी त्यांचा अवतार पाहिला आणि काही विचारलं नाही. चांगल्या शेजाऱ्याची हीच खूण.

“वहिनी, डिक्शनरीत शब्दाचा अर्थ राहतो, माणसाचा नाही,” ते म्हणाले. “त्यांच्या वर्गात बसलेल्या कोणाला तरी गाठा. टिकारामची शेवंता आहे ना, खमरियाचा तो टिकाराम? त्याची पोरगी बापूसाहेबांची लाडकी. आता कांचघरला मास्तरीण आहे.”

वर्गात बसलेलं कोणी. हे वाक्य बाईंना लागलं. अर्धं शहर त्या वर्गात बसून आलं होतं. बाई कधी त्या खोलीचा जिना चढल्या नव्हत्या. लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा त्या म्हणाल्या होत्या, मलाही शिकवा की दोन शब्द. बापूसाहेब खदखदून हसले होते. “तुला कशाला? चूल काय इंग्रजीत पेटते?” पुढे कित्येक वर्षं आल्या-गेल्यासमोर ते हा किस्सा सांगत, लोक हसत, आणि चहाचे कप गोळा करता करता बाईही हसत. पुन्हा मात्र त्यांनी कधी विचारलं नाही.

शुक्रवारी दुपारी त्यांनी सायकलरिक्षा केली. गढा एका टोकाला, कांचघर दुसऱ्या. रिक्षावाला चढावर उतरून रिक्षा ओढू लागला की बाईंना वाटे, आपणही उतरून मागून ढकलावं. “भैया, जरा जल्दी,” त्या म्हणत. “अम्मा, साइकिल है, रेल थोड़े ही है,” तो म्हणे. वाटेत एका भिंतीवर ओलं डांबर चमकत होतं. बाईंनी तिकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं.

शेवंता शाळेतून नुकतीच आली होती. दारात बापूसाहेबांच्या घरची बाई, तीही अशा घाईत, बघून ती दचकलीच. तिनं पाणी दिलं. टिकारामच्या घरचं पाणी अंजनीबाई पूर्वी कधी प्यायल्या नव्हत्या, शेवंताला ते चांगलं ठाऊक होतं. आज त्यांनी पेला एका दमात रिकामा केला आणि आपण काय केलं हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. शेवंताच्या आलं. तिनं दुसरा पेला भरून दिला.

“पोरी, तुझे सर एकच शब्द म्हणून राहिले. सारखा. उद्या श्रीपाद त्यांना नागपूरला नेऊन टाकते. तू सांग, काय हवं त्यांना?”

“कोणता शब्द, काकू?”

बाई अडखळल्या. घरात तो शब्द सगळ्यांनी बापूसाहेबांच्याच तोंडून ऐकला होता, त्यामुळे त्यांना तो उच्चारायची वेळच आली नव्हती. इंग्रजी आपल्या तोंडात शोभत नाही, हे त्यांना फार पूर्वी हसून समजावलेलं होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि चोरी केल्यासारखं पुटपुटल्या, “बराटन.”

शेवंताचा चेहरा एकदम बदलला.

“ब्राइटन? हा तर पहिल्या दिवसाचा शब्द!”

“म्हणजे?”

“दर साली वर्ग भरला की पहिल्या दिवशी सर हाच शब्द शिकवायचे. आम्ही सगळे घाबरलेले राहायचो, काकू. कोणी खमरियाचं, कोणी गढ्याचं, सगळे एकाच सतरंजीवर. सर म्हणायचे, आज एकच शब्द. ब्राइट म्हणजे उजळ. त्याला शेपूट जोडलं की ब्राइटन, म्हणजे उजळणं. इंग्रजीत उसने शब्द पायलीचे पन्नास, पण हा त्यांच्या घरचा आहे. पार जुना, त्यांच्या शेतकऱ्यांच्या तोंडचा. आणि त्याच्याही मागं जा, हजारो वर्षं मागं, तर त्याचं आणि आपलं घर एकच निघते. संस्कृतात भ्राज् म्हणून धातू आहे, चमकणं. दोघं एकाच पोटचे. तिकडे लिथुआनिया म्हणून मुलुख आहे, तिथं त्याच घरातला शब्द उजाडण्यासाठी म्हणतात.” शेवंता आता मास्तरांच्याच आवाजात बोलू लागली होती. “‘एका आईच्या लेकी,’ सर म्हणायचे, ‘एक इकडे दिली, एक साता समुद्रापार. नीट चेहरा बघा, ओळख पटते. ही मडम नाही रे, तुमची मावशी आहे. मावशीला कोणी भितं का?’”

बाई ऐकत राहिल्या. त्यांचं माहेर अमरावतीचं. राज्यं बदलली तेव्हा माहेर एकीकडे गेलं आणि त्या दुसरीकडे राहिल्या, पण थोरल्या बहिणीचं नाक अजून त्यांच्याच नाकासारखं होतं. नवऱ्यानं ही इतकी सोपी गोष्ट साऱ्या शहराला सांगितली आणि घरी कधी सांगितली नाही, याचा त्यांना क्षणभर भयंकर राग आला. पण रागाला वेळ नव्हता.

“ते राहू दे. पण मागतात काय? असा हात करतात बघ,” म्हणून बाईंनी डावा हात पुढे केला, तळवा वर, आणि शेवंताच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं.

शेवंता उठून उभीच राहिली.

“काकू, सर काही मागून नाही राहिले. हा हात मागायचा नाही. सर शब्द सांगायचे आणि असा हात करायचे, म्हणजे आता तुम्ही म्हणा. अर्थ नका सांगू, काही नका करू, आधी तोंडानं म्हणा. जोपर्यंत पोरगं म्हणत नाही तोपर्यंत सर हात खाली नव्हते घेत. एकदा मी लाजेनं बोलतच नव्हती, तर सगळा तास तो हात माझ्यासमोर तसाच होता.” ती थांबली. “ते तुम्हाला शिकवून राहिले.”

त्या तळव्यावर आपण काय काय ठेवलं ते बाईंना आठवलं. तांब्या ठेवला, चष्मा ठेवला, औषधाची बाटली, जपमाळ, संत्र्याची फोड. एवढं सगळं ठेवलं आणि जे ठेवायचं ते तोंडातच राहिलं.

“चल,” त्या म्हणाल्या. “चल माझ्यासंग. आत्ता.”

रिक्षात परतताना त्या ओठांतल्या ओठांत शब्द घोळवत होत्या, आणि दर वळणाला तो तोंडातून निसटत होता.

घरी श्रीपाद बिछान्याची वळकटी बांधत होता. दोरी दातात धरलेली. आईला बघून त्यानं दोरी सोडली.

“कुठं गेली होती तू? सकाळी निघायचं आहे, बाबांचे कपडे अजून काढले नाही. आणि ही...”

“बाबांची विद्यार्थिनी. तू जरा गप बस.”

बापूसाहेबांनी शेवंताकडे पाहिलं. ओळख पटली असावी, कारण त्यांच्या तोंडाचा चांगला असलेला कोपरा किंचित हलला. पण नजर लगेच बाईंकडे वळली. हात पुढे आला.

“ब्राइटन.”

सवयीनं बाईंचं एक पाऊल ओट्याकडे वळलंसुद्धा. शेवंतानं कोपऱ्यातली सतरंजी उचलली, झटकली आणि खाटेसमोर अंथरली. बाई त्या सतरंजीकडे बघत राहिल्या. दिवसाढवळ्या, रिकाम्या हातांनी, नवऱ्यासमोर नुसतं बसायचं, हे त्यांनी कधी केलं नव्हतं. हातात निवडायला भाजी तरी असायची. त्या बसल्या. हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून पदराखाली घेतले.

“बराइटन,” त्या म्हणाल्या.

बापूसाहेबांनी मान हलवली. नाही. मान फिरवली नाही, खाट ठोकली नाही. अगदी स्वच्छ, मास्तरानं हलवावी तशी हलवली.

“ब्राइटण.”

पुन्हा नाही. हात तसाच. श्रीपाद वळकटीवरून उठून जवळ आला होता.

“जीभ टाळूला नका लावू, काकू,” शेवंता कुजबुजली. “वरच्या दातांमागं.”

बाईंनी डोळे मिटले. मावशी आहे, मडम नाही, असं मनाशी म्हणाल्या, आणि बोलल्या.

“ब्राइटन.”

हात खाली आला. सावकाश, अलगद, गोधडीवर टेकला. आजारी पडल्यापासून तो हात स्वतःहून निवांत झालेला घरात कोणी पाहिला नव्हता.

“बाबांना समजून राहिलं?” श्रीपादचा आवाज फाटला. मग त्याला राहवेना. तो वाकून बापाच्या तोंडासमोर गेला आणि मुद्दाम चुकवून म्हणाला, “बाबा, ब्राइटॉन.”

बापूसाहेबांनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की कारखान्यातल्या त्या बाप्याचा हात आपोआप कानाकडे गेला. लहानपणी चुकीच्या उच्चाराला बाबा कान पिळायचे. श्रीपाद हसायला लागला, हसता हसता रडायला लागला, आणि काय करावं ते न सुचून वळकटीची दोरी सोडू लागला. ज्याला दुसऱ्याची चूक कळते त्याला वेडा कोण म्हणेल?

“हात खाली म्हणजे आता वाक्य,” शेवंता म्हणाली. “सर म्हणायचे, पुस्तकातलं नको, आपापल्या घरातलं वाक्य आणा.”

“घरातलं?” बाई म्हणाल्या. त्यांच्या मनात इतकं साचलेलं होतं की वाक्य करायला बसल्या आणि बांधच फुटला. “अहो, तेव्हा काहून नाही शिकवलं? मी विचारलं होतं की नाही? चूल इंग्रजीत पेटते का म्हणाले होते ना तुम्ही? सगळ्या जगासमोर हसले. मी पण हसली. मला काय हसू येत होतं? मला शिकायचं होतं हो. अर्ध्या गावाला मावशी दाखवली, अन् मला...”

बापूसाहेब ऐकत होते. यातलं किती त्यांना कळत होतं, देव जाणे. त्यांची मराठी गेली होती. पण त्यांनी नजर काढून घेतली नाही. बाईंचं बोलणं पुरतं संपू दिलं. मग डावा हात पुन्हा उचलला, तळवा वर.

“ब्राइटन.”

पुढचा धडा नव्हताच. दुसरा शब्दच शिल्लक नव्हता. होतं-नव्हतं ते सगळं जाऊन या माणसाकडे एवढंच उरलं होतं, आणि ते तो आठवडाभर जिवाच्या आकांतानं फक्त आपल्याला द्यायला बघत होता, हे बाईंना आता कळलं. त्यांनी डोळे पुसले आणि मांडी घालून नीट बसल्या.

आतून करपल्याचा वास आला. “आई!” शकुनं स्वयंपाकघरातून हाक मारली. “वरण लागून राहिलं चुलीवर!”

“लागू दे,” बाई जागच्या हलल्या नाहीत. “मी वर्गात बसली आहे.”